दुर्गादेवीनंतरची तीस वर्षे

१४२९ साली बहमनी फौज खटाव देशात उतरली, तेव्हा तिच्याबरोबर दादू नरसू काळे नावाचा एक जाणता ब्राह्मण कारभारी होता आणि दरबारातला एक तुर्की खोजा होता. उजाड मुलूख लावणीस आणायचा आणि पांगलेली रयत माघारी बोलवायची, हे या दोघांचे काम. ते करायला बसल्यावर त्यांच्या लक्षात आले, की गावांच्या शिवाच कोणाला आठवत नाहीत. कुठल्या ओढ्यापर्यंत कोणत्या गावचे रान आणि कुठल्या धोंड्यापलीकडे शेजारच्या गावची हद्द, हे सांगणारा माणूस उरला नव्हता.

त्या काळी शीव धोंड्यांत, ओढ्यांत, बांधावरच्या झाडांत असायची आणि त्याहून जास्त माणसांच्या आठवणीत असायची. तंटा उभा राहिला की पाटील, शेजारगावचे वतनदार आणि गावचा महार यांना बोलावणे जाई. महार शीव पायी चालून दाखवी आणि त्याची साक्ष प्रमाण मानली जाई. अशी आठवण एका वाईट सालाने पुसली जात नाही. सबंध पिढीने त्या रानात नांगर घातला नाही, तरच ती जाते. दादू नरसूपुढे पडलेला मुलूख असा पिढीभर ओस राहिलेला होता.

तो ओस पाडला दुर्गादेवीच्या दुष्काळाने. त्याची हकिगत आपल्याला मुख्यतः जेम्स ग्रँट डफमुळे कळते. १८१८ नंतर हा अधिकारी काही वर्षे साताऱ्यास ब्रिटिशांचा प्रतिनिधी होता. दरबारातले आणि जुन्या घराण्यांतले कागद जमवून त्याने मराठ्यांचा इतिहास लिहिला आणि तो १८२६ साली प्रसिद्ध झाला. त्यात तो सांगतो : १३९६ साली महाराष्ट्रात दुष्काळ सुरू झाला, परंपरेप्रमाणे तो बारा वर्षे टिकला, मग पाऊस परतला. पण तोवर परगणेच्या परगणे निर्मनुष्य झाले होते, आणि गोदावरी ते कृष्णा या पट्ट्यातून पुढे तीस वर्षांहून अधिक काळ नाममात्र वसूल येत होता.

या प्रकरणाचा सगळा भार त्या शेवटच्या वाक्यावर आहे. पाऊस परतला, तरी गावे लवकर परतली नाहीत आणि वसूल तीस वर्षे सावरला नाही. ती का परतली नाहीत आणि अखेर कशामुळे परतली, हे समजून घेतले तर दुष्काळाकडे पाहण्याची आपली नजर बदलते.

पर्जन्यछायेतला देश

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून शंभरेक किलोमीटर पूर्वेला, माण तालुक्यात, तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो. ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि महादेवाच्या डोंगररांगेपलीकडे कोरडा वारा तेवढा पोचतो. साताऱ्यातले माण आणि खटाव, सांगलीतले आटपाडी, जत, कवठेमहांकाळ आणि खानापूर, असा हा सलग कोरडा पट्टा आहे. माणगंगा त्यातून म्हसवड, आटपाडी करत भीमेकडे जाते आणि येरळा खटावातून निघून ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. दोन्ही नद्या वर्षातला बराच काळ वाळूच्या.

अशा देशात माणसे राहिली ती शहाणपणाने. हलक्या रानात बाजरी, हुलगा, मटकी. ओढ्याकाठच्या काळ्या जमिनीत शाळू. चांगल्या सालाचे धान्य पेवात बंद, म्हणजे पुढचे साल चुकले तरी घर तगावे. माळ पिकत नाही तिथे मेंढरे पिकतात, म्हणून धनगर. नांगराला काटक, थोड्या चाऱ्यावर टिकणारे खिलार बैल. चारा संपला की मेंढरे घेऊन कृष्णाकाठी किंवा घाट उतरून जायचे आणि मृगाच्या आगेमागे परतायचे. फिरणे हा इथल्या जगण्याचाच भाग होता. चुकलेले एक साल, फार तर दोन, पचवण्याची ही पद्धत होती.

तिसरे आणि चौथेही साल चुकले तर काय होते, ते नंतरच्या शतकांतल्या दुष्काळांनी पुन्हा पुन्हा दाखवले आहे. आधी पेव रिते होते. मग मेंढरे, मग अंगावरचे डाग. त्यानंतर बैल विकले जातात, पण तेव्हा सगळेच विकायला काढतात, त्यामुळे मोल येत नाही आणि चाऱ्यावाचून बरेचसे दावणीलाच मरतात. सगळ्यात शेवटी हात जातो तो बियाण्याला. बी शिजवून खाल्ले, की त्या घराचे त्या रानाशी असलेले नाते तुटले. मग उंबरा ओलांडून निघायचे, जिथे पाणी असेल त्या दिशेने. म्हातारी माणसे मागे राहतात, आणि शिवा त्यांनाच ठाऊक असतात.

बारा वर्षे सलग थेंबही पडला नाही, असे मानण्याचे कारण नाही. लागोपाठ तीन-चार साले गेली की पुढचा बरा पाऊसही कामाचा राहत नाही, कारण पेरायला बैल नसतात, बी नसते आणि हातही नसतात. त्या काळी पाऊस कमजोर होता याला निसर्गातही पुरावा आहे. छत्तीसगडमधल्या दंडक गुहेत थेंबाथेंबाने साचलेल्या चुनखडीच्या थरांचे रासायनिक परीक्षण झाले. त्यात चौदाव्या-पंधराव्या शतकांत मान्सून वारंवार क्षीण झाल्याच्या खुणा सापडल्या. व्हिएतनाममधल्या जुन्या झाडांची वर्तुळे सांगतात, की चौदाव्या शतकाच्या मध्यात आणि पंधराव्याच्या आरंभी तिकडेही दीर्घ अवर्षणे झाली. कंबोडियातले अंगकोर हे महानगर ओसरले तो हाच काळ.

त्याच वर्षांतली दुसरी वस्ती

माणदेशाची गावे रिकामी होत असताना पृथ्वीच्या पार उत्तरेला आणखी एक शेतकरी वस्ती विझत होती. तिची गोष्ट इथे सांगणे अगत्याचे आहे, कारण ती पुन्हा कधी वसलीच नाही.

ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर इ.स. ९८५ च्या सुमारास एरिक द रेड याच्या पुढाकाराने आइसलंडहून नॉर्स लोक येऊन राहिले. पूर्व वसाहत आणि पश्चिम वसाहत असे त्यांचे दोन भाग होते. भरभराटीच्या काळातही सगळी मिळून लोकसंख्या दोन-अडीच हजारांच्या आसपास असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. धान्य जवळजवळ पिकतच नव्हते. उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत गवत कापून साठवायचे आणि त्यावर लांबलचक हिवाळ्यात गाई-मेंढ्या जगवायच्या, हाच संसार. लोखंड आणि चांगले लाकूड बाहेरून यायचे. त्या बदल्यात द्यायला त्यांच्याकडे मोलाची वस्तू एकच होती, वॉलरसचे सुळे. ते आणायला माणसे दर उन्हाळ्यात उत्तरेला शेकडो किलोमीटर जात. बाराव्या शतकात गार्दर येथे त्यांचा बिशप बसू लागला, आणि १२६१ साली त्यांनी नॉर्वेच्या राजाचे स्वामित्व मान्य केले. दूर असले तरी ते युरोपशी बांधलेले होते. ही बांधणी मात्र एका जहाजवाटेवर अवलंबून होती.

तेराव्या-चौदाव्या शतकांत हवामान थंड होत गेले. गवत कमी झाले आणि समुद्रात बर्फ वाढला. तिथल्या दफनभूमींतल्या हाडांच्या तपासणीवरून दिसते, की सुरुवातीला जमिनीवरच्या अन्नावर जगणारे हे लोक शेवटी मुख्यतः समुद्रातल्या अन्नावर, विशेषतः सीलच्या मांसावर जगू लागले होते. म्हणजे त्यांनी बदलायचा प्रयत्न केला, आणि बऱ्याच पिढ्या तो यशस्वीही झाला. पण १३४९ साली नॉर्वेत प्लेग पोचला आणि तिथला व्यापार कोलमडला. युरोपात हस्तिदंत सहज मिळू लागले आणि वॉलरसच्या सुळ्यांना पूर्वीचे मोल राहिले नाही. जहाजे विरळ झाली. १३७८ च्या सुमारास शेवटचा बिशप वारला, त्यानंतर तिथे राहायला दुसरा आलाच नाही.

पश्चिम वसाहत आधी गेली. चौदाव्या शतकाच्या मध्यास ईवार बार्दार्सन हा कारभारी तिकडे गेला, तेव्हा त्याला माणसे दिसली नाहीत, मोकाट फिरणारी गुरेमेंढरे तेवढी दिसली. तिथल्या एका शेतघराच्या उत्खननात शिकारी कुत्र्यांची हाडे मिळाली आणि त्यांच्यावर सुरीचे घाव होते. माणदेशात बी शिजवण्याची वेळ यावी, तशीच ती वेळ होती. उद्याचे साधन आज खाल्ले गेले.

पूर्व वसाहत आणखी काही दशके तगली. १४०८ च्या सप्टेंबरात ह्वाल्सेच्या दगडी चर्चमध्ये थोरस्टाइन ओलाफसन आणि सिग्रिड ब्यॉर्न्सडॉटिर यांचे लग्न लागले. महाराष्ट्रात बारा वर्षांचा दुष्काळ परंपरेप्रमाणे याच सुमारास संपला. हे जोडपे पुढे जहाजाने निघाले आणि उत्तर आइसलंडमध्ये स्थायिक झाले. लग्नाची साक्ष आइसलंडमध्ये लिहून ठेवली गेली, आणि ग्रीनलंडच्या नॉर्स वस्तीविषयीची शेवटची लेखी नोंद तीच ठरली. आइसलंडमध्ये १४०२ ते १४०४ या काळात प्लेगने फार माणसे गेली होती, जमिनी मोकळ्या पडल्या होत्या. तरुण माणसाने ग्रीनलंड सोडावे आणि परतू नये, असेच सगळे घडत होते. १७२१ साली हान्स एगेदे हा धर्मोपदेशक त्या लोकांच्या वंशजांना शोधत ग्रीनलंडला गेला. त्याला इन्युइट भेटले आणि नॉर्स घरांचे अवशेष दिसले. नॉर्स माणूस एकही भेटला नाही.

ग्रीनलंड आणि माणदेश यांच्यात एक साम्य आहे : दोन्ही ठिकाणी कमी पिकणाऱ्या जमिनीवर माणसांनी अनेक शतके शहाणपणाने संसार केला. फरक आहे तो परतीच्या वाटेचा. ग्रीनलंडहून निघालेल्या माणसाला बोलावणारे मागे कोणी राहिले नव्हते, आणि आणणारे जहाजही नव्हते. माणदेशातून निघालेला माणूस चार-सहा दिवसांच्या चालीवर कृष्णेच्या किंवा भीमेच्या काठी होता. त्याला परत यायला वाट होती. तरीही तो वीसेक वर्षे आला नाही.

पाऊस आला, पण

ग्रँट डफच्या मजकुरात याची कारणे आहेत. काही शेतकरी परतू लागले, तेव्हा त्यांना गावांतून हुसकून लावण्यात आले. आधी जिंकलेले डोंगरी किल्ले आणि अवघड जागा पाळेगार आणि लुटारूंच्या हाती गेल्या होत्या. खटाव देशात काही रामोशी आणि महादेवाच्या डोंगरात एक टोळी, अशी नावानिशी नोंद आहे. त्यांना नुसते दरोडेखोर म्हणून सोडून देणे न्यायाचे नाही. जमिनीत काही उरले नाही, तेव्हा जो डोंगर चढला तो वाचला, आणि डोंगरावर जगायचे तर खालून येणाऱ्याच्या गोणीवर जगायचे, एवढेच त्यांच्यापुढे उरले असणार. पुढे याच रामोशांनी कित्येक गावांची राखण वतन म्हणून केली. पण पंधराव्या शतकाच्या आरंभी परतणाऱ्या कुणब्याला त्यांचे भय होते, हे खरे.

दुसरे कारण राज्याचे. दुष्काळाच्या त्या वर्षांत गुलबर्ग्याच्या गादीवर फिरोजशाह बहमनी होता. १३९७ ते १४२२ या त्याच्या कारकिर्दीत विजयनगरशी युद्धावर युद्धे झाली. लक्ष होते तुंगभद्रेकडे, माण-खटावकडे नव्हते. आणि तिसरे कारण अगदी साधे : ज्याच्याकडे बैल नाही, बी नाही, त्याने परतून करायचे काय? पहिल्याच हंगामात सारा मागणारा कोणी उभा राहिला, तर तो पुन्हा पळणार.

१४२९ ची मोहीम या कारणांना एकेक करून भिडली. मलिक-उत-तुज्जार हा सरदार फौज घेऊन आला, वंशपरंपरागत देशमुखांना त्याने बरोबर घेतले, खटाव आणि महादेवाच्या डोंगरातल्या टोळ्यांचा बंदोबस्त केला, मग वाईकडे वळून किल्ले घेतले. भय कमी झाले. शिवा आठवत नव्हत्या म्हणून दादू नरसूने नव्या घातल्या, आणि घालताना त्या ऐसपैस ठेवल्या. दोन-दोन, तीन-तीन जुनी गावे मिळून एक गाव केले, कारण थोडकी घरे वेगवेगळ्या माळांवर विखुरली असती तर ना राखण झाली असती, ना बलुते चालले असते. जो कसेल त्याला जमीन दिली. पहिल्या वर्षी सारा माफ. दुसऱ्या वर्षी बिघ्याला एक तोबरा धान्य, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची चंदीची पिशवी भरेल इतकेच.

बिघ्याला तोबराभर धान्याने खजिन्यात काही भर पडत नव्हती, आणि हे मागणाऱ्यालाही ठाऊक असणार. पण त्यात एक करार होता. राज्य सांगत होते, की तुझे बैल उभे राहीपर्यंत मी थांबतो. आणि तो तोबरा देणारा शेतकरी त्याबरोबर त्या जमिनीवरचा आपला हक्क मांडत होता. वसूल असा मागायचा, की माणूस पळून न जाता रुजेल. दुर्गादेवीच्या दुष्काळाने महाराष्ट्राला शिकवलेली ही गोष्ट.

यात जे कायमचे गेले तेही सांगितले पाहिजे. ज्या गावांची नावे शेजारच्या गावात विरली, ती गेली. ज्या घरांचा कोणी परतला नाही, त्यांची जमीन दुसऱ्याने कसली. आणि मोठ्या गावांबरोबर त्यांच्यावरच्या वतनदारांचे बळही वाढणार होते. पुढच्या शतकांत माणचे घाटगे, म्हसवडचे माने, फलटणचे निंबाळकर ही देशमुख घराणी इतिहासात ठळकपणे दिसतात. वस्ती पुन्हा उभी राहिली, पण ती जुनीच वस्ती नव्हती.

तोबऱ्याची परंपरा

दुष्काळ पुढेही येत राहिले. लोकपरंपरा मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा दुर्गादेवीशी जोडते. बादशाही कोठार भुकेल्यांना मोकळे करणाऱ्या या माणसाचा काळ पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातला मानला जातो, पण दोन आठवणी एकत्र झाल्या यात नवल नाही. लोकांच्या मनात दुष्काळ एकच असतो, आणि धान्य कोणी दिले हे विसरले जात नाही.

१६३० च्या भीषण दुष्काळानंतर उजाड झालेला पुणे प्रांत वसवताना दादोजी कोंडदेवाने हीच रीत वापरली : पडीक जमिनीला कौल, आरंभी हलका सारा, आणि तो वर्षावर्षाने चढवत पुऱ्या धाऱ्यापर्यंत न्यायचा. शिवकाळात आणि पेशवाईतही इस्ताव्याचे कौल याच धर्तीवर दिले जात. जमीन सोडून गेलेल्या मिरासदाराचा हक्क बराच काळ जिवंत धरायचा आणि तो परतला तर त्याची मिरास त्याला द्यायची, ही रूढीही त्याच समजुतीतली. माणूस गेला म्हणजे कायमचा गेला, असे धरायचे नाही.

इंग्रजी अमलात रोकड सारा ठरल्या मुदतीला मागितला जाऊ लागला, आणि १८७६-७७ च्या दुष्काळात माण-खटाव पुन्हा होरपळले. त्या दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर माणगंगेवर राजेवाडीचा तलाव झाला. विसाव्या शतकातल्या अवर्षणाची कहाणी व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’त सांगितली. आटपाडीजवळच्या माडगूळच्या या लेखकाच्या कादंबरीत धनगरांची एक वाडी पावसाअभावी हळूहळू रिकामी होते. माणदेशात जन्मलेल्या माणसाला हे दृश्य इतिहासातून शिकावे लागत नाही.

आणि मग याच मुलखाने देशाला उत्तर दिले. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. ग्रामीण माणसाला काम मागण्याचा हक्क असावा, ही कल्पना त्यांनी मांडली, आणि १९६५ च्या सुमारास तासगावात तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात लाखो हात पाझर तलावांवर, रस्त्यांवर, खडी फोडण्यावर लागले. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताकदिनी लागू झाला. पुढे २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी केलेल्या रोजगार हमी कायद्याला महाराष्ट्राच्या या अनुभवाचा आधार होता. माणसाने भुकेपोटी उंबरा ओलांडण्याआधीच त्याला गावाजवळ थांबवायचे, हे त्याचे मर्म.

लोकही सरकारची वाट पाहत बसले नाहीत. खानापूर तालुक्यात येरळेच्या पात्रातली वाळू विकून गावकऱ्यांनी बळीराजा धरण बांधले. १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने समन्यायी पाणीवाटपाची मागणी तिथे पक्की झाली, आणि कृष्णेचे पाणी टेंभू योजनेतून या माळांवर चढवण्याचा रेटा त्यातून वाढला. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने गुरांची छावणी चालवली, तेव्हा गुरांबरोबर घरेच्या घरे छावणीत राहायला आली. छावणीत जगलेला बैल म्हणजे पुढच्या मृगाला पेरलेले रान, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

माणदेशातून माणसे आजही बाहेर जातात. विटा-आटपाडीकडचे गलाई कारागीर भारतभर सोन्याचांदीच्या भट्ट्या चालवतात, मुंबईच्या बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या इकडच्या माथाडी कामगारांनी ओझी वाहिली. या जाण्याला ऱ्हास म्हणण्याची घाई करू नये. यात्रेला आणि सणाला ही माणसे येतात, पैसे पाठवतात, गावात घर बांधतात, सातबाऱ्यावर त्यांचे नाव असते. वस्ती मरते ती तिच्यातून माणूस गेल्याने नव्हे. परतण्याचे कारण आणि परतण्याचा हक्क, दोन्ही संपले की ती मरते. ग्रीनलंडमध्ये ते संपले. माण-खटावात ते संपता संपता वाचले, कारण कोणीतरी शीव पुन्हा घातली, भय दूर केले आणि तोबराभर धान्यावर थांबायची तयारी दाखवली.

म्हणून दुष्काळाच्या प्रत्येक उपायाला तीन प्रश्न विचारावेत. पहिला पाऊस पडेल त्या दिवशी या घराकडे बैल किंवा बैलाची जागा घेणारे साधन असेल का? मुठीत बी असेल का? आणि ज्या रानात ते टाकायचे, ते रान त्याचेच असेल का? टँकर किती धावले आणि अनुदान किती वाटले, हे त्यानंतरचे हिशेब. दुर्गादेवीनंतर या तीन प्रश्नांची उत्तरे ‘नाही’ अशी होती, आणि पाऊस येऊनही कितीतरी वर्षे इथली जमीन पडून राहिली. पुढच्या दुष्काळात ती उत्तरे ‘हो’ अशी असतील याची तजवीज पाऊस चांगला असतानाच करावी लागते.